हातभर बाजूला

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात मी वडीगोद्रीहून शहागडच्या शाळेत सायकलनं शिकवायला जायचो. वाटेवरच्या ज्वारीत माळ्यावर एक म्हातारा राखणदार उभा असायचा. आधी पानं कुठं हलतात ते बघायचा, श्वास सोडायचा, मगच गोफण फिरवायचा. पाखरं उडायची, खडा मात्र दरवेळी त्यांच्यापासून हातभर बाजूला पडायचा.

एकदा मी थांबून म्हणालो, "बाबा, नेम काही बसत न्हाई तुमचा."

तो हसला. पलीकडं बाभळीच्या शेंड्याला एकच वाळकी शेंग लटकत होती. पहिल्याच खड्यानं त्यानं ती तोडली. "एवढा नेम कुठं शिकलात?" मी विचारलं.

"जर्मनच्या लढाईत इटलीत होतो, मास्तर. दुर्बीणवाली रायफल होती. चालताना दुर्बीण काढून डब्यात ठेवायची, लेकरावानी जपायची. गोळी लागंस्तवर समोरच्याला पत्ता न्हाई."

"मंग पाखरं का सोडता?"

त्यानं गोफण हाताला गुंडाळली. "दुर्बिणीत एकजण पाव खाऊन राह्यल्ता. हातभरावर बसल्यासारखा दिसला. घास तोंडातच राह्यला त्याच्या."

मी सायकलवर बसलो. मागं गोफण गरगरली. कणसावरची पाखरं उडाली, आणि खडा बराबर हातभर बाजूला पडला.