गटारीचा कुपा

खोर फक्कानच्या धक्क्यावरच्या त्या बोटीला यूनुस परकारने आपल्या आईचं नाव दिलं होतं, 'हव्वाबी'. गिऱ्हाइकं मात्र तिला 'प्रवचनवाली बोट' म्हणायची. गळाला मोठा मासा लावून ओढायची हौस असलेले शेठ लोक दुबई-शारजाहून यायचे, दिवसभरासाठी बोट भाड्याने घ्यायचे, आणि मासा मिळो न मिळो, यूनुसचं प्रवचन त्यांना हमखास मिळायचं.

तो चुकीचं सांगायचा असं मुळीच नाही. मासा वर आला की डोक्यात एक टोला, तडफडत ठेवायचा नाही. लगेच कल्ल्यापाशी चीर देऊन रक्त वाहू द्यायचं, आतडी काढायची, मासा बर्फात टाकायचा, आणि मग काय ते फोटो. जो खाणार नाही त्याने मारायचाच नाही. एवढ्याला चार वाक्यं पुरली असती. पण यूनुसला सुरुवात हर्णैच्या बंदरापासून करावी लागायची. वाटेत आजोबा यायचे, मग माशाची इज्जत, आणि शेवटी समोरच्या शेठला त्याच्या आईने लहानपणी काय शिकवलं होतं याची चौकशी. एका गिऱ्हाइकाने गूगलवर लिहिलं होतं, 'बोट छान, समुद्र छान, कॅप्टन म्यूट करता आला तर पाच स्टार.'

बुकिंगचे फोन त्याची बायको जहांआरा घ्यायची, त्यामुळे कोण पुन्हा येत नाही हे आधी तिला कळायचं. त्या जुलैत तिने निकाल देऊन टाकला. "अल कुसैसला भावाचं एसीचं दुकान आहे. बोट विका आणि तिथे बसा. नाहीतर या रविवारी तोंडाला कुलूप लावा. रणजित शेठना बोट आवडली तर सगळा हिवाळा त्यांच्या कंपनीच्या पाहुण्यांसाठी बुक करणार आहेत."

रणजित शेठ म्हणजे अल मजाजमधले बडे कॉन्ट्रॅक्टर. रविवारी ते तीन मित्रांसह हजर झाले. चौघांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, पाठीवर 'बिग गेम हंटर्स, शारजा चॅप्टर'. दिवस गटारी अमावस्येचा. उद्यापासून श्रावण, म्हणजे महिनाभर मासमच्छी बंद, म्हणून मंडळी आज निरोपाची शिकार करायला निघाली होती. "हा रॉड बघा, दीड हजार दिरहम. म्हणजे छत्तीस हजार रुपये," रणजित शेठ म्हणाले. यूनुसने बडीशेपेचा बकाणा भरला आणि मान डोलावली.

ऊन चढल्यावर गळाला कुपा, म्हणजे ट्यूना, लागला. चौघांनी आळीपाळीने ओढून एकदाचा तो डेकवर घेतला. एखाद्या पोराएवढा होता, निळा, झगझगीत. यूनुसचा हात सवयीने सुरीकडे गेला.

"थांबा, थांबा, यूनुसभाई! रक्तबिक्त नको. आधी फोटो," रणजित शेठ ओरडले.

यूनुस थांबला. डेक तव्यासारखा तापला होता आणि बर्फाची पेटी हाताशी होती. आधी एकेकट्याचे फोटो झाले, मग ग्रुपचा. मग माशाच्या तोंडात कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड देऊन एक. मासा चमकेना म्हणून त्यावर बाटलीतलं कोमट पाणी ओतलं. कोणीतरी ड्रोन उडवला, तो खाली पाडला, पुन्हा उडवला. बडीशेप संपली तेव्हा यूनुस रिकामंच तोंड हलवत राहिला. जहांआराचं कुलूप पक्कं होतं.

कॅमेरे थकले तेव्हा दुपार कलली होती. रणजित शेठनी घरी व्हिडिओ कॉल लावला. "शर्वाणी, बघ काय मारलंय!"

"ओ माय गॉड पप्पा, इट्स लुकिंग ॲट मी," पडद्यावर त्यांची लेक रुचा किंचाळली. तिला बाजूला सारून शर्वाणीवहिनी आल्या. "मी सकाळीच फ्रीज धुऊन काढलाय. हे ध्यान घरात आणायचं नाही. आणि आज रात्रीची बिर्याणी तुम्हीच ऑर्डर केलीय ना?"

रणजित शेठनी मित्रांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या घरी एक धुतलेला फ्रीज होता. मग त्यांचा चेहरा उजळला. "आयडिया! लेबर कॅम्पमधल्या कामगारांना देऊन टाकू. श्रावणाच्या तोंडावर अन्नदान! व्हिडिओ पण मस्त येईल. यल्ला, यूनुसभाई, बोट फिरवा."

यूनुसने वाकून कुप्याच्या पोटाला हात लावला. पोट गरम होतं. उन्हात तापलेला कुपा खाल्ला की माणूस लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, आणि शिजवूनही ते विष जात नाही. त्याने हिवाळ्याचा विचार केला, 'हव्वाबी'चा केला, एसीच्या दुकानाचाही केला. मग आयुष्यातलं सगळ्यात छोटं प्रवचन दिलं.

"शेठ, हा बिघडलाय. कॅम्पला द्यायचा तर आधी तुम्ही खा."

"अरे हबीबी, त्यांना सवय असते."

"उपाशी झोपायची असेल. विष खायची नसते."

यूनुसने सुरी उचलली, माशाचे तुकडे केले आणि एकेक समुद्रात सोडला. रणजित शेठ धक्क्यावर उतरताना म्हणाले, "हिवाळ्याचं विसरा. खलास."

संध्याकाळी यूनुस घरी येऊन जेवणासमोर नुसता बसून राहिला. बोट जाणार याचं दुःख होतंच, पण एवढा सुंदर जीव कोणाच्याही पोटात न जाता फुकट मेला आणि आपण शेजारी उभं राहून बडीशेप चघळली, हे त्याला जास्त टोचत होतं. त्याने जहांआराला सगळं सांगितलं.

"मासा वर आला तेव्हाच का नाही बोललात?" तिने विचारलं.

"तूच तर म्हणालीस, गप्प बसा."

जहांआराने भाताचं पातेलं जोरात खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते. "लग्न झाल्यापासून माझं एक अक्षर ऐकलं नाहीत. आणि नेमकं आजच ऐकायला बसलात?"