उंबरबंदरचं खळं

समाजमंदिराच्या भिंतीवर क्षिप्राने नकाशा लावला तेव्हा आत दीडशे माणसं तरी बसली होती. नकाशा रंगीत होता. दोन-दोन मजली छपन्न टुमदार घरं, प्रत्येक घरापुढे हिरवळीचा तुकडा, बाजूला गाडी ठेवायची जागा आणि भोवती बुटकं कुंपण. एका घरापुढे टोपी घातलेली एक बाई कुत्र्याला फिरवत होती.

चंद्रभागा तांडेल पहिल्या रांगेत होती. तिने पदराने चष्मा पुसला, उठून नकाशाजवळ गेली आणि त्या बाईवर बोट ठेवलं.

"ही कोन गं?"

"ती नुसती दाखवण्यापुरती आहे, मावशी. वस्तीत माणसं राहताहेत असं वाटावं म्हणून."

"मानसं दाखवायची तर आमची दाखव. ही उंबरबंदरची नाय. आनि तिच्या कुत्र्याला तर आमची कुत्री एक दिस नांदू देनार नायत."

सगळे हसले. क्षिप्राही हसली. वस्तीचा आराखडा करणाऱ्या सल्लागार कंपनीत ती वास्तुरचनाकार होती. मुलगी कामसू होती, नावं लक्षात ठेवायची, कुणाच्याही घरी चहाला नाही म्हणायची नाही. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं.

"बरं, आनि मासळी सुकवायचं खळं कुटं हाय?" चंद्रभागाने विचारलं.

क्षिप्राने हिरव्या रंगाच्या एका मोठ्या पट्ट्यावर पेन टेकवलं. "इथे सामायिक बाग येईल, इथे वाहनतळ. आणि या बाजूला शेवटच्या रांगेतली चौदा घरं. पाहणीत ही जागा मोकळी आणि विनावापर आढळली होती."

"मोकळी?"

क्षिप्राने फाइलमधून फोटो काढून दाखवला. फोटोत पाऊण एकराचं खळं शेणाने सारवून लख्ख केलेलं दिसत होतं. ना बांबू, ना टोपली, ना एक माणूस. मधोमध मोठी कमळाची रांगोळी.

मागच्या रांगेतून वस्तीतल्याच दामाजीचा घोगरा आवाज आला. "चंद्रे, रांगोळी तुजीच ना गं ती?"

चंद्रभागाने फोटो चष्म्याजवळ धरला. रांगोळी तिचीच होती.

*

उंबरबंदर म्हणजे डोंबिवली पश्चिमेला खाडीला टेकलेली एकशे अठरा घरांची कोळीवस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की टोपली घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागतं. खाऱ्या हवेने भिंतींचं प्लास्टर गळालेलं, मोठ्या भरतीला गटारातून पाणी उलटं यायचं, आणि साऱ्या वस्तीला मिळून संडासांची एकच रांग. वस्ती आहे तशी राहावी असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. चंद्रभागाचं तर मुळीच नाही. घरं नवी व्हावीत म्हणून पहिला अर्ज तिनेच दिला होता.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा नवऱ्याची होडी होती आणि खाडीत मासळी होती. पुढे पाण्याचा रंग बदलला, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं आणि होडी विकावी लागली. नवरा त्यानंतर फार वर्षं जगला नाही. चंद्रभागाने मात्र खळं सोडलं नाही. इथे मासळी नाही ना, मग जिथे आहे तिथून आणू, असं म्हणून ती समुद्रकाठच्या उत्तनहून टेम्पोने ओला जवळा आणि बोंबील मागवू लागली. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत तीसेक बाया त्या खळ्यावर बसून मासळी सुकवत आणि मग टोपल्या घेऊन शहाडपासून मानपाड्यापर्यंत विकत. उंबरबंदरच्या निम्म्या चुली त्या पाऊण एकरावर पेटत होत्या.

आणि हे खळं मोकळं आहे असं सरकारच्या कागदावर चढलं होतं ते चंद्रभागाच्याच हाताने.

पाहणीला साहेब येणार असा निरोप आदल्या दिवशी आला होता. पलीकडच्या टॉवरमधले लोक वासाची तक्रार करतात हे तिला माहीत होतं. पाहुणा येणार म्हणजे घर झाडून-सारवून ठेवायचं, ही तिची लहानपणापासूनची शिस्त. तिने सगळ्या बायांना कामाला लावलं. बोंबलाचे बांबू काढून गल्लीत उभे केले, जवळा घराघरात नेला, शेण कालवलं, रांगोळी काढली. साहेब आले, रांगोळी बघून "वा, काय स्वच्छता आहे" म्हणाले, दोन फोटो काढले आणि चहा पिऊन गेले. बाया दिवसभर खूश होत्या.

*

"आई, तू उगाच ताणतेस," जयेश म्हणाला. तो तिचा एकुलता एक मुलगा. ठाण्याला एका कचेरीत नोकरीला होता. "पहिल्या टप्प्याच्या यादीत आपलं नाव चौथं आहे. कोपऱ्यातली बंगली. लोक यासाठी देव पाण्यात घालून बसतात."

"आनि बाकीचे? छपन्न घरांत एकशे अठरा कशी मावनार?"

"त्यांना शहाडला देणार आहेत ना दुसऱ्या टप्प्यात."

"शहाडवरनं बाया खळ्यावर यायच्या कशा? आनि खळंच नाय तर कशाला येनार?"

"अगं, आयुष्यभर वासात काढलंस. आता तरी जरा नीट राहा ना."

"वास तुला आता यायला लागला काय रे? तुज्या कॉलेजच्या फीला नाय आला तो."

जयेश उठून बाहेर गेला. मेघाली, त्याची बायको, ताटं उचलत होती. ती हळूच म्हणाली, "आई, पण फोटो तर आहे ना त्यांच्याकडे."

"हाय. म्हनूनच साहेबांकडं जायला पायजे."

आराखड्यावर हरकती नोंदवायची मुदत संपायला चार दिवस होते. चंद्रभागाने जयेशकडून अर्ज लिहून घेतला. त्याने तोंड वाकडं करून लिहिला, पण अक्षर न अक्षर तिने सांगितलं तसंच लिहिलं.

*

सुनावणी ठाण्याला होती. जयेशने अर्ध्या दिवसाची रजा काढली, ती रिक्षाने आणि बसने त्याच्यासोबत गेली. सुनावणी घेणारे अधिकारी पन्नाशीतले, शांत गृहस्थ होते. क्षिप्रा शेजारी बसली होती.

"आजी, तुम्हाला बंगली मिळते आहे," अधिकारी म्हणाले. "दाटीवाटीत आयुष्य गेलं तुमचं. आता मोकळी हवा, अंगण, सगळं मिळेल. मग हरकत नेमकी कशाला?"

"साहेब, ते माज्या पायांना इचारा."

"म्हणजे?"

"तीस वर्सं मी टोपली घेऊन फिरते. जुन्या चाळींच्या गल्लीत शिरले का तासाभरात टोपली रिकामी. एक बाई दार उघडते, तिचा आवाज ऐकून दुसरी येते, तिसरी वरच्या मजल्यावरनं दोरीला पिशवी बांधून सोडते. दोघी माज्या देखत भांडतात, तिसरी समजूत घालते. आनि मानपाड्याला ती बंगल्यांची वसाहत हाय ना, तिथं अर्धा दिस चालते. आधी वॉचमन, मग कुंपन, मग कुत्रा. बाई आतूनच बोट हलवते, नको म्हनून. शेजारच्या बाईचं नाव इचारलं तर तिला ठाव नाय. तिथली मानसं वाईट नायत, साहेब. घरं लांब हायेत."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "पण दाटीतही धोका असतो, आजी. आग लागली तर बंब आत जाणार नाही. रोगराई पसरते."

"मग बंबाला वाट काढा. गटार बांधा, घरात संडास द्या. आमी नको बोललोय का? चार मजले चढवा एकावर एक. पन घरं एकमेकांना धरून ठेवा. छपन्न घरं पसरून बांधायची म्हनून तुमाला खळं पायजे. एकशे अठरा उभी चढवली तर खळ्याला हात लावायला नको."

क्षिप्रा आपल्या वहीत काहीतरी लिहू लागली. अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. "ते सगळं ठीक आहे. पण आम्हाला कागद बघावा लागतो. हा फोटो तुमच्याच वस्तीतला आहे ना?"

"माज्याच हातचा हाय. पाहणीचे साहेब येनार म्हनून मीच सगळं उचलायला लावलं. चूक माजी." जयेशने चमकून आईकडे बघितलं. घरात दुधाचं पातेलं उतू गेलं तरी ती चूक कबूल करत नसे. "पन साहेब, पावना यायचा म्हनून मी भांडी घासून पालथी घातली, तर या घरात कोन जेवतच नाय असं लिवनार काय तुमी?"

अधिकाऱ्यांनी फोटो फाइलमध्ये परत ठेवला. मग त्यांनी क्षिप्राकडे बघितलं, तारीख बघितली आणि म्हणाले, "येत्या गुरुवारी फेरपाहणी. सकाळी अकरा."

परतीच्या वाटेवर जयेश बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. डोंबिवली जवळ आल्यावर म्हणाला, "मानपाड्याला अर्धा अर्धा दिवस चालत होतीस, हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलंस?"

*

गुरुवारी सकाळी सात वाजता पाच-सहा बाया झाडू घेऊन खळ्यावर हजर. सवय जात नाही. मेघालीच्या हातातही खराटा होता.

"आई, निदान साहेबांच्या वाटेपुरतं तरी झाडू?"

"खराटा ठेव खाली."

"अगं, बूट भरतील त्यांचे."

"भरू देत. आज कोनी काडी हलवायची नाय. जो बांबू जिथं हाय तिथंच. टेम्पो आला का रोजच्यासारखा जवळा पसरायचा, काठापासून काठापर्यंत. आज जी झाडायला वाकेल तिला मी टोपलीत घालून खाडीत सोडीन."

अकरा वाजता अधिकारी, क्षिप्रा आणि मोजणीची दोन माणसं आली तेव्हा खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाबीसर जवळा उन्हात पसरला होता, बांबूंवर बोंबलांच्या माळा लोंबत होत्या, तीस बाया उकिडव्या बसून हात चालवत होत्या. अधिकाऱ्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

दामाजी काठावर बसला होता. "साहेब, रुमाल काढा, नायतर वास लिवायचा राहील."

मोजणीवाला म्हणाला, "मावशी, टेप टाकायचीय. एवढा पट्टा बाजूला घ्या."

"नाय घेनार. टेप वरनं धर."

"अहो, असं मोजता येत नाही."

"येतं. रसिका, तू त्या टोकाला धर. मंदाकिनी, तू मधी ऊठ." बायांनी टेप डोक्याच्या उंचीवर ताणून धरली आणि मोजणीवाला जवळ्यातून बोटांवर चालत आकडे घेत गेला. जयेशही आज घरीच होता. न सांगता त्याने टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

मोजणी झाली. पंचनामा लिहून झाला. पंच म्हणून पहिली सही चंद्रभागाने करायची होती. तिने कागद जयेशकडे दिला. "मोठ्यानं वाच."

जयेशने वाचलं: "सदर जागेवर मासळी सुकविण्याचा तात्पुरता वापर दिसून आला."

"तात्पुरता?"

"तशी लिहायची पद्धत असते, आजी," अधिकारी म्हणाले.

"माजी सासू हितं बसायची. तिची सासू बसायची. ही तात्पुरती मानसं होती काय? तो शब्द काढा."

"त्याने काही बिघडत नाही."

"बिघडत नाय, मग काढायला काय जातंय?"

अधिकाऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तुम्ही सही केली नाही तर पाहणी झालीच नाही असं धरलं जाईल."

"मग परत या. आमी रोज हितंच असतो."

रसिकाने पेन मंदाकिनीला दिलं, मंदाकिनीने ते जमिनीवर ठेवलं. बाकीच्या पंच बायाही आपापल्या टोपल्यांकडे वळल्या. खळ्यावर कुठेही सावली नव्हती. अधिकारी उभे राहिले, गाडीकडे चार पावलं गेले, परत आले. कुणी त्यांना खुर्ची दिली नाही. उंबरबंदरच्या इतिहासात पाहुण्याला बसायला न देण्याची ती पहिलीच वेळ असावी, आणि मेघालीला ते फार जड गेलं.

शेवटी क्षिप्राच म्हणाली, "सर, नकाशा मला काढायचा आहे. इथे 'तात्पुरता' राहिलं तर वरून कुणीतरी मला पुन्हा बागच काढायला लावेल. जे दिसतंय ते लिहूया ना."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खळ्याकडे. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी तो शब्द खोडला, वर 'कायमस्वरूपी' लिहिलं आणि शेजारी सही केली. चंद्रभागाने चष्मा लावून खोडल्याची रेघ नीट बघितली. जयेशकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग बाळबोध अक्षरात, नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण सही केली.

"आता छपन्न घरांचा आराखडा जागेत बसणार नाही," अधिकारी म्हणाले. "तुमची बंगली गेली, आजी. कळतंय ना?"

"कळतंय. आता घरांचं पन लिवा. एकशे अठरा."

"तो वेगळा विषय आहे. त्याची सुनावणी वेगळी होईल."

"कवा?"

"कळवू."

"कळवा. बंगली नको म्हनून एक बाई येईल असं समजू नका. एकशे अठरा येतील."

गाडी गेली. क्षिप्रा मात्र वही उघडून तिथेच थांबली होती. जवळ्याच्या काठाने चालत ती आली आणि गल्लीतल्या ओट्यांची उंची किती ठेवायची ते विचारू लागली.

"उंची नंतर," चंद्रभागा खाली बसत म्हणाली. "आधी बायांना इचार, कुनाला कुनाच्या शेजारी राहायचंय. तिथनं सुरुवात कर."