दीर्घिकांच्या कडा

सातवीच्या वर्गाला पेरू काढायला दिला होता, तेव्हा मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे दर्शनाची आई, करंज्याहून मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकणारी. एवढंच म्हणाल्या, "दर्शना गेली गो आपली..." तीन दिवसांचा ताप. मी फळ्यावरच्या पेरूला सावली देत राहिले, वेड्यासारखी. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

शाळेपासूनची आमची जोडी. मी चित्रकलेची बाई झाले, ती पुण्याला जाऊन दीर्घिका मोजू लागली. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वस्त्या. काही एकट्यादुकट्या, काही शेकड्यांनी दाटीवाटीनं. फार फार दूरच्या त्या दाटीत राहून दीर्घिका मोठी होते की आक्रसते, हा तिचा प्रश्न. शेजारणींना गिळून काही फुगतात, काहींची बाहेरची कड ओरबाडली जाते, असं ती सांगायची. मी म्हणायचे, "म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच की." ती हसायची नाही. कामाच्या बाबतीत बाईसाहेबांना थट्टा चालत नसे.

एका शनिवारी ती पुण्याहून नाचतच आली. दाटीतल्या दीर्घिका मोठ्या निघाल्या होत्या! मला ओढत बाजारात घेऊन गेली, आईला सांगायला. मावशींनी पापलेटांचा वाटा लावता लावता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाट्यात मावरा मोटाच दिसतो. बाजूच्याचं अंग बी आपला डोला त्यालाच धरतो. येकेक उचलून बगितलंस काय?" दर्शनाचा चेहरा उतरला. पुण्याला जाऊन पुन्हा तपासलं, तर खरंच शेजारच्यांचा अंधुक उजेड मोजमापात आला होता.

तेव्हापासून तिनं मला कामाला जुंपलं. संगणक मोजायचाच, पण तिला माणसाचा डोळाही हवा होता. उलट्या छटांचे छापील फोटो, पांढऱ्यावर काळे डाग. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डागाची कड पेन्सिलीनं आखायची. दोघींनी वेगवेगळी, एकमेकींचं न बघता. मग माझ्या खिडकीच्या काचेवर कागदावर कागद धरायचा. माझी रेघ नेहमी बाहेर, तिची आत. "तू फार लाडावतेस त्यांना," म्हणायची. पुढे चहा आणि तासभर वाद.

मग तिला दोन वर्षांसाठी परदेशी बोलावणं आलं. मी फुरंगटले. पुण्याला परतताना ती फोटोंचा एक गठ्ठा देऊन गेली, सोबत तिच्या रेघांचं बंद पाकीट. "तुझं झालं की उघडायचं, आधी नाही." मी महिनाभर हातही लावला नाही. फोनवर विचारलं की म्हणायचे, शाळेतून वेळच मिळत नाही गं. वेळ होता. मला तिला अडकवून ठेवायचं होतं, दुसरं काही नाही. आणि ती अशी निघून गेली... ही टोचणी जात नाही.

गेल्या रविवारी बसले. कडा आखल्या, मुद्दाम सावकाश. संपलं की पाकीट उघडावं लागणार होतं, आणि त्यानंतर तिच्याकडून नवं असं काहीच यायचं उरणार नव्हतं. शेवटी उघडलं, काचेवर कागद चिकटवले. रेघा बऱ्याचशा जुळल्या होत्या. एका जागी मात्र तिचा कागद कोरा. तिथे एकमेकींना चिकटलेल्या दोन दीर्घिका होत्या आणि बाजूला तिचं बारीक अक्षर : 'इथे मला जमत नाही. यांना कुठे वेगळं करायचं, तू सांग.'

मी तिथे रेघ मारलेली होती, चांगली ठसठशीत. खोडरबर घेऊन ती पुसून टाकली. आखलेलं मागाहून बदलायचं नाही, हा तिचा नियम. असती तर केवढी ओरडली असती. ते ओरडणं मला हवं आहे. कागद अजून काचेवरच आहेत.