उमेदवार दाराआड

आमच्या ओसरीवरचे किस्से मोहफुलांसारखे आहेत. एक दिवस वेचायचे राहिले की दुसऱ्या दिवशी झाडाखाली थर! आणि थर फार दिवस राहिला की तो आंबतो, डोक्यात जातो. माझ्या डोक्यात गेलाय, म्हणून लिहायला बसले.

मी मुळात कमी बोलते. राग आला की आणखीच कमी बोलते. सासरी ह्याला विनय म्हणतात.

लग्न होऊन आरमोरीला आले त्याला सहा महिने झाले होते. विकास गटाचं नवं ऑफिस उघडलं आणि 'ग्रामसेविका पाहिजेत' अशी जाहिरात निघाली. खेडोपाडी जायचं, बायकांना चार गोष्टी सांगायच्या. पाणी उकळा, पोरांना देवी टोचा, बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. शिक्षण सातवी पास. मी सातवी पास होते, चांगल्या मार्कांनी. पुढे मास्तरीण व्हायचं ठरवलं होतं, ते लग्नाच्या मांडवात राहून गेलं. ही जागा मला हवी होती. अगदी जिवापासून हवी होती.

अर्ज भरला. चांद्याहून इंटरव्यूचं बोलावणं आलं. आणि त्या दिवसापासून अख्खी ओसरी माझ्या तयारीला लागली!

ओसरी म्हणजे दोघं जण. एक माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते. लाकडाच्या डेपोवर मुन्शी होते, आता रिटायर. दुसरे त्यांचे दोस्त गुर्जी, रिटायर हेडमास्तर. दोघांचं पहिल्याच दिवशी एकमत झालं की सूनबाईला येतं सगळं, पण आत्मविश्वास नाही.

"भाऊ, तुमची सून त बोलतच नाई," गुर्जी म्हणाले. "इंटरव्यूत कसं जमन?"

"बोलत नाई म्हणून त केली!" मामाजी म्हणाले. "चार पोरी पाह्यल्या होत्या आमी!"

* * *

मग तालीम सुरू झाली. पण सुनेनं सासऱ्यासमोर, त्यातून परक्या पुरुषासमोर, ओसरीवर येऊन कसं बोलायचं? त्यावर तोड निघाली. गुर्जी साहेब होऊन ओसरीवर बसायचे. मी माजघराच्या दाराआड उभी. आणि उंबरठ्यावर आमचे हे! गुर्जी प्रश्न टाकणार, हे मान वळवून मला विचारणार, मी हळूच उत्तर देणार, हे मान वळवून ते ओसरीवर पोचवणार.

"गावात हगवण लागली, त काय करसान?"

मी आतून सांगितलं.

"पाणी उकळून प्यायले सांगन म्हणते, गुर्जी. अन् विहिरीत औषध टाकन म्हणते."

"शाब्बास!" गुर्जींनी पाठ थोपटली. ह्यांची!

दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी गुर्जींनी विचारलं, "पोराले देवी कितव्या महिन्यात टोचाची?" ह्यांनी मानच वळवली नाही. मला न विचारता ठोकून दिलं, "पाच वर्साचा झाला की!"

गुर्जींनी कपाळावर हात मारला. "भाऊ, सूनबाईची तयारी लय कमी पडून राह्यली!"

मी दाराआड होते. दाराला एक खिळा निघालेला आहे. तो मी त्या दिवशी अंगठ्यानं परत आत दाबला. पूर्ण.

* * *

गुर्जींचा दुसरा धडा खुर्चीचा. "साहेब 'बसा' म्हणन, त झटकन बसा लागते. अंग चोरून नाई. ऐसपैस! तिथीच अर्धे मार्क."

घरात खुर्ची एकच, मामाजींची. सागाची, हातवाली, डेपोतून रिटायर होताना मिळालेली. तिच्यावर सुनेनं बसायचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून गुर्जींनी सांगितलं की पाटावर बसून सराव कर, मनातून खुर्ची समज. आठ दिवस मी पाटावर बसून खुर्ची समजत होते.

शेवटी सासूबाईंनाच माझी दया आली. मामाजी शेतात धानाच्या बांधीवर गेल्यावर त्या म्हणाल्या, "ये, बसून पाह्य खऱ्या खुर्चीवर."

मी बसले. उठले. पुन्हा बसले. सासूबाई कडेला उभ्या राहून बघत होत्या.

"सरक," त्या एकदम म्हणाल्या. "मले बी पाहू दे."

पदर सावरून बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. ती खुर्ची त्या रोज सकाळी फडक्यानं पुसतात, मी आल्यापासून एक दिवस चुकलेला पाहिला नाही. जरा वेळ बसून राहिल्या, मग उठल्या आणि म्हणाल्या,

"इतकंच व्हय?"

* * *

नजरेचाही वाद झाला. गुर्जी म्हणाले, "साहेबाच्या डोळ्याले डोळा भिडवाचा." मामाजी म्हणाले, "काही नाई! चांगल्या घरची सून आहे, नजर खालीच पाह्यजे." दोघंही हट्टाला पेटले. चहा थंड झाला, तोही मलाच पुन्हा गरम करावा लागला. शेवटी तोडगा निघाला तो ह्यांच्याकडून.

"साहेबाच्या सदऱ्याचं तिसरं बटन पाहू दे तिले. वर बी नाई, खाली बी नाई!"

हा तोडगा सर्वानुमते पास झाला. मला कोणी विचारलं नाही, पण ते एव्हाना सांगायला नको.

* * *

चैती आमच्याकडे चारोळी घेऊन येते. नदीपलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर राहते, वयानं माझ्याएवढीच. अंगणात टोपली उतरवून ती दोन-तीन दिवस ही तालीम ऐकत होती. एकदा न राहवून तिनं विचारलं, "बाई, तू दारामागं उभी राहून काय पाठ करून राह्यली?"

मी सांगितलं की बायकांशी बोलायची नोकरी आहे, त्याची तयारी चालली आहे.

तिनं ओसरीवरच्या दोन्ही टोपीवाल्यांकडे पाहिलं. "बायाइसंग बोलाचं, अन् थे हे बुढे शिकवून राह्यले?"

इतकं हसली की टोपलीतली चारोळी सांडली. मी हसले नाही. वेचू लागले तिला.

* * *

इंटरव्यूच्या दिवशी मामाजी सोबत आले. बाई माणूस एकटं कसं पाठवायचं! नवं धोतर, धुतलेली टोपी. वडशाहून लहान आगगाडीनं चांद्याला पोचेपर्यंत ते मला सांगत होते, "घाबरू नको. मी आहो ना!"

मला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

ऑफिसबाहेर बायकांची रांग होती. नंबर आला तसे मामाजीही आत घुसले. टेबलामागे साहेब, कडेला रजिस्टर लिहिणारा कारकून. दोघांचीही मान कागदात. टेबलासमोर एक खुर्ची.

"बसा," साहेब वर न पाहता म्हणाले.

आठ दिवस पाटावर, एक दिवस सागावर सराव केलेली मी पुढे झाले. पण मामाजी बसले! झटकन. ऐसपैस!

मी त्यांच्या मागे उभी राहिले. तिसरं बटन शोधलं. साहेबांचं तिसरं बटन तुटलेलं होतं.

"नाव?"

"गोविंद तुकाराम ठाकरकर," मामाजींनी खणखणीत आवाजात सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं.

"शिक्षण?"

"सातवी पास!"

"खेड्यात मुक्काम करावा लागेल. तयारी आहे?"

"आहे ना, साहेब. जंगलात जिंदगी गेली."

"बाळंतपणाची काही माहिती?"

"आमच्या घरी सात झाली!"

मी म्हटलं, "साहेब, मी..."

"तू चूप राह्य," मामाजी मागे वळून म्हणाले, "साहेब बोलून राह्यले ना!"

साहेबांनी कागद उलटला. मान तशीच खाली. "ठीक आहे. आत्मविश्वास चांगला आहे."

परतीच्या गाडीत मामाजींनी शेजारच्या अनोळखी माणसाला चणे दिले आणि सांगितलं, "आपला इंटरव्यू मस्त झाला!"

मी खिडकीबाहेर पाहत आले. वडशापर्यंत सगळी झाडं मोजली असतील.

* * *

पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. मामाजींनी गुर्जींना बोलावून घेतलं. खुर्चीत बसून, चष्मा लावून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घेतलं. मी दाराआड.

"श्री. गोविंद तुकाराम ठाकरकर यांस..." इथे ते खुशीत थांबले. "पाहा, माह्याच नावानं पाठवली! ...कळविण्यात येते की, आपली ग्रामसेविका म्हणून निवड झाली असून..."

थांबले. पुन्हा वाचलं. पुढचं मात्र सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"...आठ दिवसांत प्रशिक्षणासाठी हजर व्हावे. सोबत दोन सुती लुगडी आणावीत. गरोदर असल्यास तसे आधी कळवावे."

गुर्जी खांबाला धरून हसले. हे हसले. मामाजींचा चेहरा विटेसारखा झाला.

"आता, भाऊ?" गुर्जी डोळे पुसत म्हणाले. "चूक झाली म्हणून कळवा लागन ऑफिसले."

"काय कळवू? सुनेच्या जागी मी बसलो म्हणून? चांद्यापर्यंत हसू करून घेऊ?" मामाजींनी कागदाची घडी घातली. "राहू द्या. नव्हतं नशिबात तिच्या."

घडी बंडीच्या खिशात गेली. ह्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि मग उंबरठ्याकडे पाहत राहिले. तिथून निरोप पोचवायची सवय होती ना, पण त्या दिवशी निरोप नव्हता.

मी आत गेले. पेटी उघडली. आणि लग्नानंतर पहिल्यांदा, पुरुष बसलेले असताना, दार ओलांडून ओसरीवर आले. मामाजींच्या पुढच्या स्टुलावर एका बाजूला माझी दोन सुती लुगडी ठेवली. दुसऱ्या बाजूला दौत, टाक आणि कोरा कागद.

"मामाजी," मी म्हटलं, "ह्यातलं काय घेता?"

दारात बांगड्या वाजल्या. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात खुर्ची पुसायचं फडकं होतं.

मामाजींनी लुगड्यांकडे पाहिलं, गुर्जींकडे पाहिलं. मग टाक उचलून दौतीत बुडवला.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. ह्यांच्यामार्फत नाही. थेट मला.

मी सांगितलं,

"लिहा, 'उमेदवार मी नाही, माझी सून आहे.'"