दोन पदांच्या मॅडम

मॅडम कलासंग्रहालयात आल्या त्या वकील म्हणून. करार वाचायचे, विम्याची भाषा तपासायची, कुणी प्रदर्शनासाठी चित्र दिलं तर ते परत जाईपर्यंत जबाबदारी कुणाची ते ठरवायचं, असलं रुक्ष काम. बाईंना मात्र ते मनापासून आवडायचं. तेव्हाचे संचालक भारी उत्साही गृहस्थ. रोज नवी टूम काढायचे आणि मॅडम तोंडावर सांगायच्या, "सर, हे अंगाशी येईल." सर चिडायचे, अर्धा चहा टाकून निघून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं ऐकायचे. कुरबुरी होत्या, पण संस्थेचं बरं चाललं होतं.

सर निवृत्त झाले आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना एक नामी विचार सुचला. दोन माणसं हवीत कशाला? बाई हुशार, कायदा पाठ, संस्थेचा कानाकोपरा माहितीचा. झालं, मॅडम संचालक झाल्या आणि वकीलही राहिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अहो, स्वतःची चूक दाखवायला माणसाला दुसरं माणूस लागतं, एवढी साधी अक्कल त्या मंडळात एकालाही नसावी? आणि मॅडमना तरी ती कुठं होती म्हणा. त्या हुरळून गेल्या होत्या.

घरी लेक चेष्टा करायची. मॅडम रागावल्या की विचारायची, "आई, आत्ता कोण बोलतंय, संचालक की वकील?"

"तुझी आई बोलतेय. ताटं उचल आधी."

दोघी हसायच्या. ऑफिसात हा प्रश्न विचारायची कुणाची टाप नव्हती.

भिंतींवर चित्रं लावायचं काम काकांचं. सगळेच त्यांना काका म्हणत. किडकिडीत, तिरकस माणूस. एखादं चित्र पसंत पडलं नाही की म्हणायचे, "लावतो, पण मी लावलं म्हणून सांगू नका कुणाला." बायको वारलेली, मुलगा लांब परगावी. सकाळी दालनाचे दिवे लावण्यापासून संध्याकाळी ते घालवण्यापर्यंत काकांचा दिवस तिथंच जायचा, आणि सुट्टीच्या दिवशी घर त्यांना खायला उठायचं.

आल्या आल्या मॅडमनी एक नियम केला होता. मोठं चित्र दोघांनीच उचलायचं, एकट्यानं हात लावायचा नाही. काकांनीही तो कसोशीनं पाळला. मोठ्या प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मात्र त्यांचा जोडीदार तापानं फणफणला आणि घरी गेला. एक चित्र लावायचं राहिलं होतं. एका म्हाताऱ्या चित्रकारानं स्वतःच्या घरातलं काढून दिलेलं, दाराएवढं. संध्याकाळी अध्यक्ष बघायला येणार होते.

मॅडमनी वरून फोन केला. "काका, ती भिंत रिकामी दिसता कामा नये हं."

"जोडीदार नाही मॅडम. एकट्यानं लावू?"

वकिलाचं डोकं अशा वेळी आपोआप चालतं. हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. "तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही जाणते आहात. बघा काहीतरी."

काकांनी बघितलं. चित्र खिळ्यापर्यंत गेलं, एक बाजू बसली, दुसरी निसटली. खाली शिडी होती. तिच्या टोकानं कॅनव्हास मधोमध फाटला. आवाज ऐकून मॅडम धावत खाली आल्या, तेव्हा काका जमिनीवर बसून फाटलेल्या कडा दोन्ही हातांनी जवळ आणत होते. असं करून चित्र सांधलं जात नाही, हे त्यांना काय माहीत नव्हतं?

चित्रकारानं आकांडतांडव केलं नाही. फक्त म्हणाला, आता दुसरं काढायला माझे हात राहिले नाहीत. अध्यक्षांनी मात्र चौकशी लावली आणि ती कुणाकडे सोपवली? संस्थेच्या वकिलाकडे.

चौकशीच्या आदल्या दिवशी काका केबिनमध्ये आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. "मॅडम, उद्या विचारतील, कुणी सांगितलं होतं का म्हणून. तुम्ही वकील आहात, तुम्हीच सांगा. संचालक मॅडमचा फोन आला होता, हे बोलू का नको?"

मॅडमना वाटलं, थट्टा करतोय. पण काकांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा होता. खरंच सल्ला मागायला आला होता हा माणूस! जुने सर त्या खुर्चीत असते तर याच बाईंनी त्यांना सुनावलं असतं, सर, तुम्हीच लावायला लावलंत, उभं राहा आणि कबूल करा. पण आता सुनावायचं कुणाला? शरम वाटली, खूप वाटली. भीती तिच्याहून मोठी होती. पद जाईल, नाव जाईल, अध्यक्ष तोंड फिरवतील.

"नका बोलू," त्या म्हणाल्या. "फोनचं काढलंत तर तुम्ही दुसऱ्यावर ढकलताय असं दिसेल. चूक झाली म्हणा, माफी मागा. मी बघते."

"बरं झालं विचारलं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकशीला अध्यक्षही येऊन बसले. त्यांनीच विचारलं, "एकट्यानं लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही साहेब. माझीच चूक."

अध्यक्ष मॅडमकडे वळले. "कायदा काय म्हणतो?"

"नियम स्पष्ट आहे. तो मोडलाय." एवढंच बोलल्या. आवाज अजिबात कापला नाही, याची त्यांना पुढं कित्येक दिवस किळस येत राहिली. काकांना कामावरून काढलं.

संध्याकाळी काका पुन्हा केबिनमध्ये आले. डोळे तांबारलेले, तरी बोलणं धीराचं. "मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच केलं. पण हे आक्रीत झालं. चुकला म्हणून हाकलला, असं लोक म्हणणार. दुसरीकडे कोण उभं करणार मला? दाद कुठं मागायची? तुम्हीच माझा कागद करून द्या."

"मला नाही करता येणार, काका. दुसरा वकील बघा."

"दुसरा कशाला? तुम्ही आहात की."

मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या. "मी संस्थेची वकील आहे. तुमची नव्हते कधी."

काका समोरच्या खुर्चीत टेकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुमचं नाव सांगू का, हे मी तुम्हालाच विचारत होतो."

त्यांनी उठून खुर्ची नीट आत सरकवली, बाहेर पडले आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. मॅडमनी हाक मारली नाही.