रविवारच्या वर्गातली दुभाषी

लग्न होऊन कुरुंदवाडहून कोल्हापुरात आले आणि दोनेक वर्षांतच मंगळवार पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागले. नव्वद सालानंतरची गोष्ट. नवरा फौंड्रीत होता, घरात एकाच्या कमाईत भागत नव्हतं, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीच डॉक्टरांनी ‘मदतनीस पाहिजे, दहावी पास’ अशी पाटी लावली होती. दहावी मी पास होते. दातांविषयी मला एवढंच ठाऊक होतं, की दुखायला लागले की लवंग धरायची.

डॉक्टर माणूस चांगला, पण भारी घाईचा. पहिल्याच दिवशी सक्शनची नळी हातात देऊन म्हणाले, “पेशंटच्या तोंडात पाणी साठू द्यायचं न्हाय. एवढंच बघ.” त्यापुढचं सगळं असंच उभ्या उभ्या शिकले. दात भरायचं सिमेंट काचेवर कालवायचं, कवळीच्या मापाचं गुलाबी पीठ पाण्यात घोटायचं, एक्स-रेची फिल्म अंधाऱ्या खोक्यात हात घालून धुवायची. संध्याकाळी हातमोजे साबणाने धुवून मागच्या दोरीवर वाळत टाकायचे आणि सकाळी पावडर लावून पुन्हा घालायचे. त्यात काही चुकतंय असं आम्हाला वाटत नव्हतं. आसपासच्या दवाखान्यांतही तसंच चालायचं.

मग एड्सची भीती आली. खुर्चीत बसायच्या आधी पेशंट विचारायला लागले, “डॉक्टर, ही सुई कुणाला टोचली न्हाय न्हवं?” गावातल्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं, की दवाखान्यांतल्या मुलींसाठी रविवारी वर्ग घ्यायचा. आमचे डॉक्टर म्हणाले, “जाऊन ये. शिकलीस तर तुझंच भलं हाय.” रविवार हा माझा कपड्यांचा, दळणाचा आणि जमलं तर कुरुंदवाडला अव्वाला, म्हणजे आईला, भेटून यायचा दिवस. पण डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं? गेले.

वर्ग एका शाळेत होता. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही बायका गुडघे दुमडून बसलो होतो. शिकवायला बाई आल्या त्या कर्नाटकातल्या. दातांच्या डॉक्टर, गावाबाहेरच्या कॉलेजात नुकत्याच लागलेल्या. त्यांना इंग्रजी आणि कानडी यायचं, मराठी अजिबात नाही. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. माझ्या शेजारी शाहूवाडीकडची एक मुलगी बसली होती, तिकडच्याच दवाखान्यात कामाला असलेली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाई काय म्हणत्यात वो ताई? मला ‘वॉटर’ सोडून कायबी कळंना झालंय.”

सगळ्या हसल्या. बाई थांबल्या. फळ्यावर काहीतरी काढलं, पुसलं आणि फळ्याकडेच तोंड करून स्वतःशी पुटपुटल्या, “देवरे, इवरिगे हेंग हेळली?” देवा, यांना कसं सांगू?

माझ्या माहेरी घरात कानडीच. अप्पांचं भुसार दुकान होतं, तिथं गिऱ्हाईक मराठी, पण उंबऱ्याच्या आत सगळं कानडी. त्यामुळे विचार करायच्या आधीच माझ्या तोंडातून निघून गेलं, “कन्नडदाग हेळ्री. नानु हेळतीनी.” तुम्ही कानडीत सांगा, मी यांना सांगते.

बाई गर्रकन वळल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही. मला पुढं बोलावलं, शेजारी उभं केलं आणि त्या बोलायला लागल्या. त्या चार वाक्यं बोलायच्या, मी एक. हत्यारं उकळण्याआधी ब्रशने घासून का घ्यायची हे त्यांनी बराच वेळ समजावलं. ते सगळं मला काही मराठीत आणता येईना, म्हणून मी म्हटलं, “मटणाचं भांडं न घासता नुसतं उकळलं, तर आपण त्यात दूध तापवू काय?” मुलींनी माना हलवल्या. बाईंनी मला विचारलं, काय सांगितलंस? मी सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, हेच सांग.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पेशंटपुढं म्हणाले, “आमच्या सिस्टरनं काल भाषण ठोकलं, माहीत हाय का?” मला बरं वाटलं. ते पहिल्यांदा वाटलेलं बरं पुढं मला फार दिवस पुरवावं लागलं.

कारण मग दर रविवारी बोलावणं यायला लागलं. आधी गावातले वर्ग, मग बाहेरगावचे. इचलकरंजी, गडहिंग्लज, शाहूवाडी. पहाटे उठून स्वयंपाक करायचा, एसटी धरायची, दिवसभर उभं राहून बोलायचं आणि दिवेलागणीला परत. बाई इंग्रजी पुस्तकातून शिकवायच्या, ते त्यांच्या कानडीतून माझ्या मराठीत यायचं. सोमवारी सकाळी पुन्हा खुर्चीशेजारी उभी. पायांच्या शिरा तेव्हापासूनच फुगायला लागल्या. अव्वा निरोप पाठवायची, “कोल्हापूर लई लांब झालं व्हय गं?” तिला काय सांगणार? मी दुसऱ्यांच्या गावांना जात होते.

खरं कोडं सोमवारचं होतं. रविवारी मी सांगायची, प्रत्येक पेशंटला नवे हातमोजे. सोमवारी तेच जुने मोजे दोरीवरून काढून पावडर लावायची. एकदा धीर करून डॉक्टरांना म्हटलं, “आपणच न्हाय करत, मग मी लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?”

डॉक्टर वर न बघता म्हणाले, “रविवारी तू बाई. आज सिस्टर. चल, पुढचा पेशंट घे.”

मी पुढचा पेशंट घेतला. त्यांनाही परवडणं-न परवडणं होतं हे मला दिसत होतं. पुढं पेशंटच विचारायला लागले तेव्हा नवे मोजे आले आणि हत्यारांसाठी वाफेचं मशीनही आलं. ते आलं तेव्हा मी इतकी दमलेली होते, की आनंद व्हायच्या आधी मनात आलं, आता हेही चालवायचं.

एसटीत बाई माझ्याकडून मराठी शिकायच्या. खिडकीबाहेर बोट करून विचारायच्या, हे काय, ते काय. आमच्याकडं बायकाही ‘आलो’, ‘गेलो’, ‘जेवलो’ असंच बोलतात. बाईंनी तेच उचललं. कॉलेजात त्या एकदा पुण्याकडच्या डॉक्टरांना म्हणाल्या, “मी आत्ताच जेवलो की,” आणि ते त्यांच्याकडं बघतच राहिले. हे मला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. त्या प्रवासांत मला तेवढीच करमणूक होती. एरवी मी खिडकीला डोकं टेकून झोपायची, आणि बाई मला झोपू द्यायच्या.

दोन-तीन वर्षं असं चाललं. मग शाहूवाडीच्या एका वर्गात मी नेहमीसारखी बाईंच्या डाव्या हाताला उभी होते. कानडी वाक्याची वाट बघत होते. बाईंनी मुलींकडं बघितलं आणि सरळ मराठीत म्हणाल्या, “मटणाचं भांडं न घासता उकळलं, तर त्यात दूध तापवशील काय?”

मुली खळखळून हसल्या. बाई पुढं बोलत गेल्या. मध्ये एखादा शब्द अडला की माझ्याकडं बघायच्या, मी तो द्यायची. तासाभरात तेही कमी झालं. हातांचं काय करावं मला कळेना. शेवटी मी बाजूच्या खुर्चीत बसले. बसल्यावर पायांना इतकं बरं वाटलं, की वाईट वाटायचं राहूनच गेलं. ते नंतर वाटलं, परतीच्या एसटीत.

बाईंच्या लक्षात आलं असावं. त्या कानडीत म्हणाल्या, “तुला लागलं ना मनाला?”

“न्हाय वो,” मी मराठीत म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं, की कॉलेजात वर्षभराचा कोर्स सुरू होतोय, दवाखान्यांतल्या मदतनिसांसाठी. हे रविवारचे वर्ग आता बंद होतील. “शिकवायला डिग्री लागेल, ती तुझ्याकडे नाही. पण तू विद्यार्थी म्हणून बस. कागद असू दे तुझ्याकडं.”

“म्हणजे मीच सांगितलेलं मीच ऐकायचं?”

“हौदु,” त्या म्हणाल्या. हो. 

वर्षभर तरी मी तो विषयच काढला नाही. रविवार मोकळा झाला होता, मी दोनदा कुरुंदवाडला जाऊन आले. पण दवाखान्यात एक मुलगी आली, नवी, माझ्या हाताखाली. तिला सगळं शिकवलं आणि वर्षाच्या आत ती जास्त पगारावर दुसरीकडं गेली. दुसरी आली, तीही गेली. मी तिथंच, खुर्चीच्या डाव्या बाजूला. घरी नवऱ्याला विचारलं, कोर्सचं काय करू? तो फौंड्रीतून येऊन मोरीत पाय धूत होता. म्हणाला, “दमली असशील तर नको जाऊस. पण मग दुसरी कोणतरी पुढं गेली म्हणून माझ्यापाशी कुरकुर करायची न्हाय.”

मी नाव घातलं.

माझी समजूत होती, की यातलं सगळं मला येतंय. नव्हतं येत. पेशंटला चक्कर आली की मी इतकी वर्षं त्याला उठवून बसवत होते आणि पाणी पाजत होते. कोर्समध्ये शिकवलं, खुर्ची आडवी करायची, पाय वर घ्यायचे, शुद्धीत येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. मी वही तशीच ठेवून बसून राहिले. कितीजणांना पाजलं असेल? कुणाला काही झालं नाही, हे त्यांचं नशीब आणि माझंही. आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग असायचा. बाकीच्या मुली माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्या मला ताई म्हणायच्या आणि माझ्याच वहीतून उतरवून घ्यायच्या. औषधांची इंग्रजी नावं पाठ होईनात. भाकऱ्या थापताना म्हणायची, विसरायची, पुन्हा म्हणायची. तोंडी परीक्षेतही दोन-तीन नावं अडली. पण पास झाले.

डॉक्टरांनी पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात मालाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं दिली. “आता तू शिकलेली. काय संपलं, काय मागवायचं, तूच बघ.” काम वाढलं, नाव तेच राहिलं. मी पुन्हा सोमवार ते शनिवार उभी.

पुढच्या वर्षी बाईंचा निरोप आला. कोर्सच्या मुलींकडून प्रत्यक्ष काम करून घ्यायला कॉलेजला एक बाई पाहिजे होती. कागद आणि अनुभव दोन्ही असलेली. लोकांनी फार कौतुक केलं. नवरा म्हणाला, बढती झाली. मी विचारलं ते एवढंच, की रविवारी सुट्टी असते का? असते म्हणाले.

डॉक्टरांना सांगताना जीभ जड झाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि उगाचच ड्रॉवर उघडला, बंद केला. मग म्हणाले, “जा. मी अडवून काय करू? पण एक पोरगी तयार करून दे मला.” पहिल्या वर्गात माझ्या शेजारी बसलेली शाहूवाडीची ती मुलगी लग्न होऊन कोल्हापुरातच आली होती. तिला आणलं. पावसाळाभर तिच्यापाशी उभी राहून तिला डॉक्टरांची घाई शिकवली. ते कधी हात पुढं करतात, कुठल्या हत्याराचं नाव न घेताच मागतात, कधी गप्प बसायचं. जायच्या दिवशी ती रडली, मी नाही रडले. डॉक्टर आत दाढ काढत होते. त्यांनी मान हलवली, मीही हलवली.

कॉलेजातला माझा पहिला वर्ग मला आठवतो तो गप्प राहिल्यामुळं. समोर वीसेक मुली, टेबलावर मांडलेली हत्यारं, आणि मी उभी. तोंडातून शब्दच फुटेना. भीती वाटत नव्हती. मी वाट बघत होते. इतकी वर्षं आधी कुणीतरी बोललं होतं आणि मग मी. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, सुरू करायचं न्हवं?” मी मनातल्या मनात पहिलं वाक्य कानडीत म्हटलं, मग मराठीत मोठ्यानं. तसंच करत करत तो तास काढला. पुढं कितीतरी दिवस तसंच चाललं.

बाई दोन-अडीच वर्षांनी आपल्या गावाकडं बदलून गेल्या. जाताना मला फार काही म्हणाल्या नाहीत. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, “येतो मी.” मी म्हटलं, “या.”

आता पगार बरा होता, बसायला खुर्ची होती, मुली मॅडम म्हणायच्या. पायांच्या शिरा मात्र गेल्या नाहीत. ज्यांना पाय दाखवले ते डॉक्टर म्हणाले, आधी यायला पाहिजे होतं. एका सुट्टीच्या रविवारी मी दुपारी आडवी झाले. खूप झोपायचं ठरवलं होतं. झोप काही आली नाही. छताकडं बघत पडले. नवऱ्यानं दारातून विचारलं, “चहा टाकू काय?” मी म्हटलं, टाक. तो आत गेला, आणि तो चहा घेऊन येईपर्यंत मी तशीच पडून राहिले, पाय उशीवर ठेवून.