माझ्याच चिंध्यांचा आकाशकंदील

मैत्रिणींनो, आज मी जळले. चांगलीच जळले.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना शिवणातली पिशवीभर कात्रणं टाकायला काढली होती. वरच्या मजल्यावरच्या सुनंदाताई म्हणाल्या, "मला द्या." दिली. चिंध्यांचं करून करून काय करणार?

आज दुपारी त्या आल्या. हातात टेबलावर घालायची चिमुकली गोधडी, आकाशकंदिलाच्या आकाराची. मधोमध माझ्या लेकीच्या परकराचा खण!

"तुमच्याच कापडाची, म्हणून पहिली तुम्हाला. दिवाळीत टेबलावर घाला."

"बरी झालीये," मी म्हणाले.

त्या गेल्यावर लगेच उलटून पाहिली. वीस वर्षं ब्लाउज शिवतेय, चुका कुठे लपतात ते मला ठाऊक आहे. पण धावदोरा मागूनही सरळ. एक गाठ दिसेल तर शपथ!

संध्याकाळी आमचे हे आले. "अरे वा! तू केलीस?"

इतक्या वर्षांत माझ्या शिवणाकडे त्यांचं पहिल्यांदा लक्ष गेलं होतं. मी "हो" म्हणून बसले.

त्यांनी कौतुकाने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला: 'आमच्या हिची कला.'

पहिला अंगठा सुनंदाताईंचा आलाय. आता जिन्यात भेटल्या तर काय बोलू?